थापेला गिऱ्हाईक नाही

ज्याला पोहता येत नाही त्याला लोक पाण्यापासून लांब ठेवतात. ज्याचा गळा बेसूर, त्याला गा म्हणून कोणी आग्रह करत नाही. पण ज्या माणसाला थाप मारता येत नाही त्याला बरोबर उचलून खरेदी खात्यात बसवतात, आणि वर वर्षअखेरीला विचारतात, का हो, खोकी एवढी महाग कशी पडली? आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांचं हेच झालं. सगळी इमारत त्यांना खरेदीवाले म्हणते, तेव्हा आपणही तेच म्हणू. नळ आणि तोट्या बनवणाऱ्या एका कारखान्यासाठी ते पुठ्ठ्याची खोकी आणि चिकटपट्ट्या विकत घेत. जगात नळाला महत्त्व आहे, तोटीला आहे, खोक्याला काडीचं नाही. खोकं वेळेवर आलं नाही तरच ते कोणाला आठवतं.

आता भाव करायचा म्हणजे थोडंफार खोटं बोलावंच लागतं. खरेदीवाले बोलायचेही. "आम्हाला काही घाई नाही," असं ते पुरवठादाराला ठणकावून सांगायचे आणि सांगता सांगता त्यांचे दोन्ही कान लालभडक व्हायचे. पुरवठादार कानांकडे बघायचा, गोदामातली खोकी संपत आली आहेत हे ओळखायचा आणि भाव चढवायचा. घरीही तीच तऱ्हा. साखर आणायला विसरले, भाजीवाल्याने फसवलं, सगळं बायकोला ते जिना चढून येईपर्यंत कळलेलं असायचं. असा माणूस फार सुखी असतो म्हणतात. म्हणणाऱ्यांना कधी खोकी विकत घ्यावी लागलेली नसतात.

तर झालं असं, की खरेदीप्रमुख निवृत्त व्हायला निघाले. ती खुर्ची आपलीच, असं खरेदीवाल्यांनी धरून चालायला काही हरकत नव्हती. खात्यात त्यांच्याइतकं जुनं फक्त एक लोखंडी कपाट होतं, आणि कपाटाला बढतीची अपेक्षा नव्हती. बायकोने तर धाकट्या बहिणीला फोन करून सांगूनही टाकलं होतं. ही बहीण दर फोनला आपल्या नवऱ्याचं नवं पद सांगायची, आणि पद जरा जुनं झालं असलं तर नवी गाडी सांगायची. त्यामुळे ही खुर्ची म्हणजे नुसती पगाराची बाब राहिली नव्हती. बायकोला एकदा तरी फोनवर मान वर करून बोलायचं होतं, आणि लग्नापासून तिने त्यांच्याकडे दुसरं फारसं काही मागितलं नव्हतं.

धाकट्या मालकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"काका, तुम्ही सज्जन आहात," ते म्हणाले. डॉक्टरने मधुमेह म्हणावं अशा सुरात त्यांनी सज्जन हा शब्द उच्चारला. "पण त्या खुर्चीत तुम्हाला बसवलं तर पुरवठादार आपल्याला धुऊन नेतील. तुमचं तोंड म्हणजे सूचनाफलक आहे हो. बघू, अजून वेळ आहे. जरा पक्के व्हा."

पक्कं कसं व्हायचं याचं शिक्षण कुठे मिळतं, हे मालकांनी सांगितलं नाही. ते मेहुण्याने सांगितलं. मेहुणा रस्त्यावरचे जाहिरातींचे फलक भाड्याने देतो, म्हणजे खोटं बोलण्यासाठी जागा पुरवतो. तो रविवारी जेवायला आला आणि ताटावरच म्हणाला, "दाजी, तुमची अडचण तोंडाची आहे ना? मग तोंड न दाखवता शिका. मोबाईलवर पोकर खेळा. अगदी खालच्या टेबलावर, चहाच्या पैशांत. हरलात तरी एक चहा गेला असं समजायचं."

मग त्याने खेळ समजावला. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, बाकीचे मध्ये, सगळ्यांना दिसतील असे. ते उघडत जातात तशी पैज लावत जायची. हातात काही नसलं तरी एक्का असल्यासारखी पैज वाढवायची. समोरचा घाबरला की आपले पत्ते टाकून देतो आणि डाव तुमचा. यालाच ब्लफ म्हणतात. खरेदीवाल्यांना हे फारच आवडलं. कान न दाखवता थाप मारायची सोय कोणीतरी काढली होती आणि इतकी वर्षं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

पण खोटं बोलायचं असेल तर आधी तुम्ही खरे आहात हे सिद्ध करावं लागतं, असा हल्लीचा नियम आहे. ॲपने ओळखपत्र मागितलं. दिलं. ॲप म्हणालं, चेहरा जुळत नाही. ओळखपत्रावरच्या फोटोत भरघोस मिशी होती आणि ती खरेदीवाल्यांनी कधीच काढून टाकली होती. त्यांनी मदत केंद्राला फोन लावला. पलीकडची मुलगी अत्यंत गोड आवाजात म्हणाली, "सर, आपण कृपया ओळखपत्रातल्यासारखे दिसा."

हा प्रश्न इमारतीच्या जिन्यात चर्चेला आला. वरच्या मजल्यावरचे शिरस्तेदार कोर्टातून निवृत्त झाले आहेत, पण कोर्ट त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. ते म्हणाले, "कायद्याने बघायचं तर ओळखपत्र खरं आणि तुम्ही खोटे." तळमजल्यावर दवाखाना असलेल्या दातांच्या डॉक्टरांनी मिशी वाढवायचा सल्ला दिला, शिवाय वरचे दात झाकले जातील हा फायदाही दाखवला. खरेदीवाल्यांच्या वरच्या दातांत झाकण्यासारखं काय आहे, हे विचारायचं त्यांना धैर्य झालं नाही. त्यांनी मिशी वाढवली. जुनी मिशी काळी होती, नवी तिरंगी निघाली. कारखान्यात लोक विचारायला लागले, काय, नाटकात काम मिळालं का? चार माणसांत हसं झालं, पण माणूस शिक्षणासाठी काय काय सोसतो.

मिशी जुळली. मग ॲप म्हणालं, तुम्ही जिवंत आहात हे दाखवा. मान डावीकडे करा, उजवीकडे करा, डोळे मिचकावा, हसा. हे सगळं घरात कुठे करणार, म्हणून खरेदीवाले न्हाणीघरात गेले. कडी नीट बसत नसे. बायको टॉवेल ठेवायला म्हणून दार ढकलून आत आली तेव्हा ते तिरंगी मिशीखालून मोबाईलकडे बघून हसत होते आणि डोळा मारत होते. ती टॉवेल घेऊन तशीच परत गेली. खुलासा करायला ते तिच्या मागे गेले खरे, पण "अगं, ऑफिसचं काम होतं," म्हणाले आणि कानांनी घात केला. त्यानंतर घरात बरेच दिवस फक्त कामापुरतं बोलणं झालं.

शेवटी खेळ सुरू झाला. खरेदीवाल्यांनी टोपणनाव घेतलं पोलाद. जेवणाच्या सुट्टीत, गोदामाच्या मागच्या बाकावर बसून ते खेळायचे. समोर कोण आहे कळत नसे, नुसती टोपणनावं दिसत. त्यात गोगलगाय नावाचं एक बेणं कायम असायचं. पहिल्याच दिवशी खरेदीवाल्यांच्या हातात सत्ती आणि दुर्री आली. याहून दरिद्री पत्ते नसतात. मध्ये एक्का उघडला. वा, म्हणाले, हीच वेळ. त्यांनी पैज लावली. बाकीचे पळाले, गोगलगाय राहिली. राजा उघडला. त्यांनी पैज दुप्पट केली. गोगलगाय राहिली. शेवटचा पत्ता पडला आणि खरेदीवाल्यांनी समोर होतं नव्हतं ते सगळं लावलं. आता एखादा माणूस विचार करेल, घाबरेल, घाम पुसेल. गोगलगायीने तेवढेच पैसे लावून पत्ते उघडायला लावले. तिच्याकडे चौक्यांची जोडी होती. खाली तिने लिहिलं, "एवढ्यात काय जातंय, म्हटलं बघून घेऊ."

हे रोज व्हायला लागलं. खरेदीवाले रोज नवी थाप रचत आणि रोज कोणीतरी फालतू जोडी घेऊन शेवटपर्यंत बसून राही. चहाचे पैसे गेल्याचं दुःख नव्हतं. दुःख हे, की इथे कान दिसत नव्हते, तोंड दिसत नव्हतं, नाव पोलाद होतं, आणि तरीही त्यांना कोणी भ्यायला तयार नव्हतं. इतके दिवस दोष कानांना देता येत होता, आता तोही आधार गेला.

त्यांनी मेहुण्याला गाठलं. तो त्या वेळी शिडीवर चढून एका फलकाचे खिळे बघत होता.

"दाजी, ब्लफ म्हणजे गोष्ट सांगणं," तो वरून म्हणाला. "पहिल्या पैजेपासून शेवटच्या पैजेपर्यंत गोष्ट एकच पाहिजे. मध्येच बदलली की पितळ उघडं पडतं."

"माझी गोष्ट एकच असते रे. लोकच ऐकत नाहीत."

"चहाच्या टेबलावर कोण ऐकणार? तिथे ब्लफ मारायचाच नसतो. तिथे गुमान चांगल्या पत्त्यांची वाट बघायची. ज्याचं काही जात नाही तो कशाला घाबरेल? ज्याला हरणं परवडत नाही, त्यालाच..."

पुढचं वाक्य खिळा ठोकण्यात गेलं, आणि खरेदीवालेही तोवर निघाले होते. त्यांना हवं ते मिळालं होतं. थाप चांगली आहे, टेबल हलकं आहे. थोडक्यात, नाचता येईना अंगण वाकडं. आता मोठ्या टेबलावर बसायचं, असं त्यांनी बसस्टॉपवर उभ्या उभ्या ठरवलं. आणि त्यांच्या आयुष्यात नोकरीहून मोठं टेबल दुसरं कुठलं होतं? ते मोठं कोणासाठी आहे, एवढा एक हिशेब तेवढा राहून गेला.

थाप अशी रचली, की दुसरी कंपनी आपल्याला बोलावतेय. पहिली पैज म्हणून ते इस्त्रीचे कपडे घालून यायला लागले आणि आठवड्यातून एकदा "जरा खाजगी काम आहे" म्हणून दुपारनंतर गायब व्हायला लागले. खाजगी काम म्हणजे बागेतल्या बाकावर बसणं. कान झाकण्यासाठी त्यांनी केस वाढवले. तिरंगी मिशी, कानांवर झुलपं आणि कडक इस्त्री, या अवतारात त्यांना दुसरी कंपनी नोकरी देईल असं कोणाला वाटलं असेल कोण जाणे. पण खात्यात कुजबूज झाली, आणि कुजबूज म्हणजे यश असं त्यांनी मानलं.

दुसरी पैज फोनची. मालकांच्या केबिनसमोरच्या पॅसेजमध्ये ते बंद फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत. "पगाराचं ठीक आहे हो," ते मोठ्याने म्हणत, "पण मी खुर्चीवर अडून आहे." एकदा ऐन भरात कानाजवळचा फोन खणखणला. त्या दिवशी ते तो बंद करायला विसरले होते. बायकोचा फोन होता, गॅस संपला होता. खरेदीवाल्यांनी "आपल्याला नंतर कळवतो साहेब," म्हणून ठेवून दिला. संध्याकाळी घरी गेल्यावर साहेबांनी त्यांना सिलिंडर आणायला पिटाळलं.

तिसरी पैज राजीनाम्याची. कागद दिला असता तर मालकांनी तो प्रेमाने फाडला असता, असं चित्र खरेदीवाल्यांच्या मनात होतं. पण कारखान्यात कागद बंद झाले होते, सगळं संगणकावर. एक बटण होतं, त्याच्यावर बोट ठेवून ते बराच वेळ बसले. मालक धावत येतील, काका असं काय करता म्हणतील, चला त्या खुर्चीत बसा म्हणतील. मग आपण थोडे आढेवेढे घ्यायचे. किती घ्यायचे हेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. त्यांनी बटण दाबलं आणि पाणी प्यायला उठले. पाणी पिऊन परत आले तर पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं होतं: राजीनामा स्वीकृत.

काहीतरी तांत्रिक चूक असणार, म्हणून ते केबिनमध्ये गेले.

"या काका," धाकटे मालक म्हणाले. "अभिनंदन. कुठे चाललात?"

"ते सांगता येणार नाही," खरेदीवाले म्हणाले. झुलपांखाली कान पेटले होते.

मालकांनी त्या झुलपांकडे बघितलं. मग हसले. कुचकट नव्हतं ते हसणं, आणि तेच जास्त लागलं. त्या माणसाला सगळं कळलं होतं. कुठलीही नोकरी नाही, कुठलीही खुर्ची नाही, हे त्याने त्या क्षणी ओळखलं होतं, कदाचित इस्त्रीच्या कपड्यांपासूनच ओळखलं होतं. आणि ओळखूनही त्याला काही करावंसं वाटलं नव्हतं. खरं असलं तरी चालणार होतं, खोटं असलं तरी चालणार होतं.

"तुम्ही गेलात की खोक्यांचं काम संगणकालाच देऊन बघतो," मालक म्हणाले. "बघू जमतंय का. नाही जमलं तर ठेवू कोणीतरी. तुमच्या टेबलाच्या जागी प्रिंटर छान बसेल, दारातला अडथळा जाईल."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. खरेदीवाले बाहेर आले आणि थेट एचआरच्या बाईंकडे गेले. राजीनामा मागे घ्यायचा आहे, म्हणाले. बाईंनी पडदा बघितला. मागे घ्यायचं बटण नव्हतं. नव्याने अर्ज करता येईल, पण नोकरीत असलेल्या माणसाला नोकरीसाठी अर्ज करता येत नाही. आणि नोकरी सुटल्यावर करायचा तर वयाची अट आड येते. तोवर त्यांनी खात्याखात्यातून येणं नसल्याच्या सह्या आणाव्यात. वाचनालय बंद पडलं होतं, तरी वाचनालयाची सही हवी होती. नोकरीला लागताना दिलेले सुरक्षेचे बूट परत हवे होते, त्यांचा एक पाय कुठे गेला कोणाला माहीत नव्हतं. खरेदी खात्याच्या सहीसाठी खात्यातला जबाबदार माणूस हवा होता, आणि प्रमुख रजेवर असल्याने तो माणूस खुद्द खरेदीवालेच होते. आपल्याकडे आपलं काही येणं नाही, अशी त्यांनी स्वतःच स्वतःला सही दिली.

घरी ते यातलं अवाक्षर बोलले नाहीत. बायकोने विचारलं की डोकं दुखतंय म्हणत. डोकं खरोखरच दुखत असल्यामुळे कान गप्प राहत.

बुडत्याचा पाय खोलात. एका संध्याकाळी दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गुप्त बैठक भरली. शिरस्तेदारांचं म्हणणं, मन ठिकाणावर नव्हतं असं लिहून द्या, कोर्टात खुनीसुद्धा यावर सुटतात. डॉक्टरांनी त्याहून सोपा मार्ग काढला. "दाढेच्या औषधाची गुंगी होती, त्या गुंगीत बटण दाबलं, असं सर्टिफिकेट देतो," ते म्हणाले. पण दाढ काढल्याशिवाय असं सर्टिफिकेट देणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. खरेदीवाल्यांनी एक चांगली दाढ दिली.

सर्टिफिकेट एचआरच्या बाईंनी वाचलं, आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदाच गंभीर झाला. गुंगीत असलेल्या माणसाला आवारात घ्यायचं नाही, असा सुरक्षेचा नियम होता. यंत्रं आहेत, उद्या हात गेला तर कोण जबाबदार? दुसऱ्या दिवशी फाटकावरच्या पहारेकऱ्याने, ज्याने इतकी वर्षं त्यांना सलाम ठोकला होता, त्यांना बाहेरच थांबवलं. "साहेब, तुम्हाला आत सोडायचं नाही म्हणून आलंय," तो म्हणाला. नोटिशीचे दिवस घरूनच भरायचे होते. थोड्या वेळाने आतून त्यांचं सामान आलं, पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून. ते खोकं त्यांनीच महागात घेतलं होतं.

ते खोकं घेऊन खरेदीवाले चालत घरी आले. दाढेची जागा ठणकत होती. पोकरमध्ये समोरचा पत्ते का टाकतो, हे त्यांना वाटेत नीट समजलं. तो तुमच्या पैजेला भीत नाही. आपलं काहीतरी जाईल याला भितो. मालकांचं काय जाणार होतं? एक टेबल, आणि तेही दारात येणारं. वर्षानुवर्षं ज्याला आपण मोठं टेबल समजत होतो ते पलीकडच्या माणसासाठी चहाच्या पैशांचं होतं. त्यांना मालकांचा राग आला, मेहुण्याचा आला, गोगलगायीचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला.

बायको दारातच उभी होती. तिने आधी खोकं बघितलं. खोक्यातून त्यांचा कप आणि टेबलावरचा पंखा डोकावत होता. मग तिने त्यांच्याकडे बघितलं.

सांगून टाकायचं, असं ठरवूनच ते जिना चढले होते. मी मूर्खपणा केला, हे वाक्य ओठांवर होतं. तोंडातून निघालं ते भलतंच.

"सोडली नोकरी," ते म्हणाले. "दुसरीकडे मोठी जागा मिळाली. खरेदीप्रमुखाची. पक्कं झालं की तुला सांगणारच होतो."

बायको जवळ आली. ताप बघताना कपाळावरचे केस सारावेत तशी तिने कानावरची झुलपं बाजूला केली आणि कान बघितला. खरेदीवाले थांबून राहिले. आता ती म्हणणार, पुरे झालं. मग आपण खाली बसणार, सगळं सांगणार, ती बोल बोल बोलणार, आणि जरा हलकं वाटणार. आयुष्यात प्रथमच त्यांना आपण पकडले जावं असं मनापासून वाटत होतं.

तिने केस होते तसे केले, आत जाऊन फोन उचलला आणि बहिणीला लावला.

"अगं, यांनी सोडली ती नोकरी," ती म्हणाली. "हो, स्वतःहून. ते लोक केव्हाचे बोलावत होते. प्रमुखच, हो. नाही गं, इथे किंमतच नव्हती यांची."

आवाज खणखणीत होता. चेहऱ्यावरची रेघही हलत नव्हती. खरेदीवाले दारात उभे राहून बघत राहिले. गोगलगायीने बघून घेतलं होतं, मालकांनी बघून घेतलं होतं. त्यांच्या थापेपुढे पत्ते टाकणारं माणूस जगात एवढं एकच निघालं, कारण बघून घेणं परवडण्यासारखं नव्हतं ते फक्त हिला. डाव त्यांनी जिंकला होता, आणि त्यांना रडू येत होतं.

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली. आत भांडी वाजली. थोड्या वेळाने तिने तिथूनच विचारलं, "उद्या डबा किती वाजता लागेल?"

खरेदीवाल्यांच्या हातात अजून खोकं होतं.

"नेहमीच्याच वेळेला," ते म्हणाले.